पुस्तकांतून झटकलेल्या चिठ्ठ्या

जळगाव
२ सप्टेंबर २०२५

ती. काकासा यांस,
जिनलचा जय जिनेंद्र. वि. वि.

तुमचं क्षमापनेचं छापील कार्ड काल मिळालं. त्याला उत्तर देण्याआधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. भुवासांची, म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीची पुस्तकं धुळ्याच्या घरी माडीवर दोन कपाटांत होती. नग ४१२. गल्लीतल्या बायका ती वाचायला नेत. नियम एकच होता: परत देताना, जिथे वाचता वाचता थांबावंसं वाटलं त्या पानात एक चिठ्ठी ठेवायची, का थांबलो ते लिहून. हे एकतीस वर्षं चाललं.

२. एप्रिल २०२४ मध्ये डॉक्टरांनी भुवासांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणालात, लग्नसराई आटोपू दे, दुकानात माणूस नाही. असे चौदा महिने गेले.

३. नोव्हेंबरात काकी अंथरुणाला खिळल्या. भुवासांना तोवर अक्षर दिसेनासं झालं होतं. शिंप्यांकडच्या अनवरीबी आणि लताबाई रोज दुपारी येऊन दोघींना वाचून दाखवत. ६ डिसेंबरला तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. आजारी माणसाच्या घरात जत्रा नको, असं म्हणालात.

४. १९ जानेवारीला काकी गेल्या.

५. ३ जूनला मी भुवासांना जळगावला आणलं. एका डोळ्याचं ऑपरेशन ९ जूनला, दुसऱ्याचं ७ जुलैला झालं.

६. २० जूनला तुम्ही ४१२ पुस्तकं समाजाच्या भवनात हलवलीत. पहिल्या पानावर शिक्का मारलात: श्री. दलिचंदजी यांच्याकडून सप्रेम भेट. भुवासांना विचारलं नाही.

७. कार्डावर छापलं आहे की कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. वर चिकटवलेलं नाव आहे 'सौ. भंवरीबाई'. भुवासांचे यजमान जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली.

आता इथली हकीकत. १२ जुलैला तपासणीहून रिक्षाने परत येताना भुवासांनी दवाखान्यापासून घरापर्यंतच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. टायर, केळी वेफर्स, दाताचा डॉक्टर, गाळा भाड्याने देणे आहे. रिक्षावाल्याने विचारलं, आजी पहिलीत आहेत का. भुवासा म्हणाल्या, हो रे बाबा, नापास झाले, परत बसले. घरी आल्यावर पापडाचं पाकीट आणि गॅसचं कार्ड वाचून झालं. माझ्या कामाचा एक कागदही सोडला नाही. मग हात धुतले, चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, आता माझी पुस्तकं आण. पुस्तकं भवनात गेल्याचं तुमच्या अखिलने मला कळवलं होतं, ते त्यांना तेव्हा सांगावं लागलं.  त्यांनी चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला.

पप्पा गेल्यावर चार वर्षं मी आणि मम्मी तुमच्या घरी होतो. जेवायला तीन हाका मारल्या तरी ऐकू न येण्याचं सुख मला त्या कपाटांपुढे बसून मिळालं. म्हणून हा विषय माझाही आहे.

कारखान्यात मी दाब मोजायची गेज तपासते. बिघडलेल्या गेजपुढे 'कळत-नकळत' असं लिहून चालत नाही. किती फरक, कोणत्या आकड्याला, कधीपासून, हे लिहावं लागतं. तुम्हाला क्षमा हवी असेल तर कशाची, ते तुमच्या हाताने लिहा. पुस्तकांतल्या चिठ्ठ्या जागेवर आहेत का, तेही कळवा. फोन करू नये. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते.

लोभ ठेवायचा की नाही, ते उत्तर वाचून ठरवेन.

जिनल


धुळे
९ सप्टेंबर

चि. जिनल हिस,
काका दलिचंदचे शुभाशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणावं की पंचनामा, हे दुकानात बसून दोन दिवस ठरवतो आहे. आपल्यात रीत अशी आहे की समोरच्याने क्षमा मागितली की आपणही मागायची आणि विषय मिटवायचा. पावती फाडायची नसते. तू लोखंडाची गेज खुशाल तपास. माणसं तपासायला बसलीस तर एकही पास होणार नाही, तूसुद्धा नाही.

'सौ.' हे लेबल अखिलने कॉम्प्युटरवर काढलं. त्याला सगळ्या बायका सौ. वाटतात, स्वतःची अजून मिळायची आहे म्हणून. त्याबद्दल बाईंची, तुझ्या भुवासांची, क्षमा मागतो, ही खरीखुरी.

पुस्तकांचं म्हणशील तर दिसत नसलेल्या माणसाच्या उशाशी चारशे पुस्तकं ठेवून कोणाचं भलं होत होतं? वाळवीचं. मी ती उजेडात आणली, काचेच्या कपाटात लावली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. आणि एक गोष्ट तुझ्या यादीत कुठेच नाही, की तुझ्या काकीच्या आजारपणात माझं डोकं ठिकाणावर होतं का. तारीख तेवढी तू बरोबर लिहिलीस. चार वर्षं या घरचं जेवलीस, ते मात्र एका ओळीत उरकलंस.

चिठ्ठ्यांचा कचरा होता, तो काढला.

वाचनालयाचं उद्घाटन ज्ञानपंचमीला, २६ ऑक्टोबरला आहे. मला 'वाचनाचं महत्त्व' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. तुझी भाषा चांगली आहे. दोन पानं लिहून पाठव, म्हणजे भांडणही मिटेल आणि कामही होईल.

बाईंना नमस्कार सांग. आशीर्वाद तुला मागावे लागत नाहीत, तसे ते थांबतही नाहीत.

दलिचंद


धुळे
१७ सप्टेंबर

जिनलदीदीस,
अखिलचा जय जिनेंद्र.

मेसेज न करता कागदावर लिहितो आहे, कारण पप्पा दुकानात माझा मोबाइल बघतात. माझं अक्षर त्यांना लागत नाही, तेव्हा कागद सुरक्षित. तुलाही लागणार नाही, पण तू हुशार आहेस.

'सौ.' बद्दल भुवासांच्या पाया पडतो. पण ऐक. पप्पांनी तुला लिहिलं की चिठ्ठ्यांचा कचरा काढला. काढला हे खरं. पुस्तकं भवनात पाठवायच्या आधी एकेक पुस्तक उलटं धरून त्यांनी स्वतः झटकलं. मी म्हणालो, राहू द्या, काय बिघडतं. ते म्हणाले, भेटीच्या वस्तूत लोकांची चिटोरी शोभत नाहीत. पण टाकणार कुठे? आपल्यात लिहिलेला कागद जाळत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत, ज्ञानाचा अवमान, आशातना होते. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरल्या आणि डबा दुकानात गादीखाली ठेवला.

आता खरी बातमी. पप्पा त्या वाचतात. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं तेव्हा शटर अर्धं खाली घेतात, मला चहाला पिटाळतात आणि डबा काढतात. मी एकदा लवकर परतलो तर हसत होते. मला बघून खोकायला लागले. आयुष्यात भावाची पाटी सोडून त्यांनी काही वाचलेलं मला ठाऊक नाही.

मागच्या सोमवारी मात्र हसत नव्हते. हातात मम्मीची चिठ्ठी होती. एवढीच ओळ आहे: 'इथे थांबले. हे त्यांना एकदा विचारायचं. तारा.' तेव्हापासून तीनदा मला विचारलं, तुझ्या मम्मीने मला काही विचारलं होतं का रे. मी काय सांगू? चिठ्ठी कोणत्या पुस्तकातली, कोणत्या पानातली, ते आता कोणालाच कळत नाही. त्यांनीच झटकली. दोनदा भवनात जाऊन पुस्तकं चाळून आले, उभ्याउभ्याने. आले आणि म्हणाले, चारशे आहेत.

मागच्या गल्लीतल्या भिकुबाई दुकानात आल्या होत्या. पप्पांसमोरच मला म्हणाल्या, बठ्ठ्या चिठ्ठ्या तुना बापजोडे शेतस का? मी म्हणालो, हो, सगळ्या पप्पांकडेच आहेत. त्या म्हणाल्या, मग माझ्या नवऱ्याबद्दल काय लिहिलंय ते बापाने वाचलंच असेल, आता नवऱ्याला सांगू नको म्हणावं. पप्पांनी दोन मीटर कापड जास्त मोजलं.

हे मी लिहिलं असं कळू देऊ नकोस. धाकट्या भावावर नेहमीसारखी उपकाराची नजर ठेव.

अखिल


धुळे
२४ सप्टेंबर

चि. जिनल हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. पाऊस उघडला आहे. बोदवडच्या ओळखीच्या घरातून अखिलसाठी स्थळ आलं आहे, मुलगी बी.कॉम. आहे, दिवाळीत बघायला जाऊ. दुकानात सणाचा माल भरला. भवनात कपाटांना काचा बसल्या, काम चांगलं झालं आहे. भाषणाची दोन पानं अजून आली नाहीत, तुला सुट्टी नसेल.

बाईंच्या डोळ्यांना आता आराम असेल. उन्हात काळा चष्मा लावायला सांग.

बाकी काही विशेष नाही. तुम्हा दोघींवर या घराची माया आहे तशीच राहील.

दलिचंद

ता. क. तुझ्या काकीची एक चिठ्ठी सापडली आहे. 'हे त्यांना एकदा विचारायचं' असं लिहिलं आहे. ती कोणत्या पुस्तकात असावी, बाईंना ठाऊक असेल. विचारून लगेच कळव. फोन केलास तरी चालेल.


जळगाव
६ ऑक्टोबर

ती. काकासा यांस,
जिनलचा जय जिनेंद्र. वि. वि.

तुमचं पत्र २६ तारखेला मिळालं. ते मी भुवासांना आज दाखवलं. मधले दहा दिवस मुद्दाम दाखवलं नाही. भुवासांचं ऑपरेशन तुम्ही चौदा महिने थांबवलंत, त्या मानाने हे फार नाही. हा सूड आहे, त्याला मी दुसरं नाव देत नाही.

भुवासा पत्र वाचून माझ्यावर रागावल्या. ती चिठ्ठी कोणत्या पुस्तकातली, हे त्यांना वाचता क्षणी आठवलं. त्या लगेच सांगायला निघाल्या होत्या. मी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आहे. तेव्हा तुम्हाला हवी ती गोष्ट इथे आहे, आणि ती मिळण्याच्या अटी अशा आहेत.

पहिली, चिठ्ठ्यांच्या ज्या डब्याची बातमी गल्लीत झाली आहे, तो भुवासांच्या हाती द्यायचा. त्यातली एकही चिठ्ठी यापुढे वाचायची नाही. बायकांनी ते एकमेकींसाठी लिहिलं होतं.

दुसरी, शिक्क्याखाली भुवासांचं नाव येईल, प्रत्येक पुस्तकात, हाताने.

तिसरी, उद्घाटनाला माईकवर माझ्या पहिल्या पत्रातला सहावा मुद्दा, पुस्तकं न विचारता नेल्याचा, सांगायचा. शब्द तुमचे चालतील, अर्थ बदलायचा नाही.

भाषण मी लिहिलं नाही. तुम्ही वाचलेल्या पुस्तकांची नावं कळवली असती तर त्यावरून लिहिलं असतं.

तुम्हाला हे निष्ठुर वाटेल. एक गोष्ट सांगते. एप्रिलमध्ये मी धुळ्याला आले तेव्हा भुवासा माडीवर कपाटासमोर बसल्या होत्या. पुस्तकांच्या कडांवरून बोट फिरवून जाडीवरून नावं ओळखत होत्या. अकरा बरोबर ओळखली, बारावं चुकलं. तेव्हा पुस्तक नाकाशी नेलं आणि बरोबर सांगितलं. तुम्ही खाली हिशोबाला बसला होतात. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण काकींना जाऊन तीनच महिने झाले होते. आता बोलते आहे.

भुवासा वेगळं लिहिणार आहेत. त्यांच्या मवाळपणावर जाऊ नये.

तुमच्याविषयी आदर उरावा अशी अजून इच्छा आहे.

जिनल


जळगाव
१२ ऑक्टोबर

चि. दलिचंद यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, कारण मोठं लिहायची सवय लागली होती. हळूहळू लहान होईल.

पोरगी वकिलासारखी लिहिते. मी तिला म्हणाले, तुझ्याशी लग्न करणारा आधी सही करून घेईल. ती हसली नाही. शिक्क्याचं मला काही वाटत नाही रे. माझ्या नावाने गल्लीबाहेर मला कोण ओळखतं? डोळ्यांचं वाटतं. तू दिवाळी म्हणालास तेव्हा मी ऐकलं, लग्नसराई म्हणालास तेव्हाही ऐकलं. म्हातारीला वाचून काय मिळवायचंय, हे तू ताराला म्हणालास तेही ऐकलं. दिसत नसलं की ऐकू फार येतं. तुला सांगते, मला काय मिळायचं. चोविसाव्या वर्षी मी पांढरी साडी नेसून बापाच्या घरी परत आले. मला लग्नाला नेत नव्हते, जेवणावळीत बसवत नव्हते. त्या पुस्तकांतून मी बोटीत बसले, कोर्टात उभी राहिले, दोन वेळा प्रेमात पडले. तू खाली भाव लिहीत होतास तेव्हा मी वर हे उद्योग करत होते.

चिठ्ठ्या माझ्या नाहीत. तुझ्या तर नाहीतच. लोकांच्या बायकांची मनं तू दुकानात बसून वाचतोस, हे बरं नाही, दली. भिकूच्या चिठ्ठीला हसलास म्हणे. तिने ती रडून लिहिली होती.

ताराची चिठ्ठी कुठली, ते मला पक्कं ठाऊक आहे. तिला एक पुस्तक वाचायला आठ महिने लागायचे, म्हणून तिची पुस्तकं मोजकी. पोरगी सांगू देत नाही आणि या वेळी मला तिचं थोडं पटतं. तू आधी बोल. मी दिवाळीनंतर येते आणि सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवते. भवन राहू दे, कपाटं राहू देत. दुपारी दोन ते चार बायकांसाठी दार उघडं ठेव, अनवरीसकट.

फराळात तिखट कमी खा. आमच्यावर लक्ष असू दे म्हणत नाही. आमचं तुझ्यावर आहे.

भंवरी


धुळे
२७ ऑक्टोबर

जिनलदीदीस,
अखिलचा नव्या वर्षाचा जय जिनेंद्र.

काल झालं. तू आली नाहीस, मुद्दाम आली नाहीस हे मला कळलं. भुवासा पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांना बसस्टँडवरून आणलं तेव्हापासून पाट्या वाचत होत्या.

पप्पांनी भाषण समाजाच्या शाळेतल्या सरांकडून लिहून घेतलं होतं, तीन पानं, सुरुवातीला संस्कृत. माईकसमोर गेले, चष्मा लावला, पानं उघडली आणि परत घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, की ही चारशे बारा पुस्तकं माझ्या बहिणीची आहेत. तिला दिसत नव्हतं तेव्हा मी ती न विचारता आणली आणि माझा शिक्का मारला. दिसावं म्हणून काही करायचं होतं, तेही केलं नाही. एवढं बोलून खाली बसले.

दीदी, लोकांना वाटलं विनयाने बोलतायत. जोरात टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, असा निगर्वी दाता विरळा. पप्पा उठून परत माईककडे निघाले, अहो खरंच, असं म्हणत, तर त्यांना शाल घातली. पोटात हसू दाबताना माझे डोळे भरून आले. भुवासा मात्र मोठ्याने हसल्या. त्यांच्या शेजारी अनवरीबी होत्या, त्याही.

संध्याकाळी पप्पांनी डबा भुवासांपुढे ठेवला. शिवाय गेले पंधरा दिवस ते रोज थोडी पुस्तकं घेऊन शिक्क्याखाली नाव लिहितात. तीनशे झाली. अक्षर वाईट आहे. मध्येच एखादं पुस्तक उघडं राहतं आणि नाव लिहायचं थांबतं, ते मी बघितलं आहे. विचारलं तर शाई वाळतेय म्हणतात.

तुझं समाधान झालं असेल तर मला एक ओळ लिही. नसेल झालं तर मला भीती वाटते, तेही सांगतो. तरी मला आपला मान.

अखिल


जळगाव
५ नोव्हेंबर

ती. काकासा यांस,
जिनलचा जय जिनेंद्र. वि. वि.

शनिवार-रविवार मी भवनात भुवासांजवळ होते. तुम्ही समोर आलात, पाणी विचारलंत, गेलात. मी फार बोलले नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते लिहूनच नीट सांगता येतं.

डब्यातल्या १०३७ चिठ्ठ्यांपैकी ९४५ जागेवर गेल्या. ९२ चिठ्ठ्यांची जागा भुवासांना आठवली नाही. त्यांतल्या काही बायका आता नाहीत, म्हणून विचारताही येत नाही. त्या वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत. हे नुकसान भरून येणारं नाही, एवढी नोंद मी करते. माईकवर तुम्ही जे बोललात ते अखिलने कळवलं. टाळ्या पडल्या याचा मला राग आला. पण तुम्ही परत उठला होतात, तेही त्याने लिहिलं आहे. भुवासांचं नावही सगळ्या पुस्तकांत आलेलं मी बघितलं. तीनही अटी तुम्ही पाळल्या. आता माझी बाजू.

काकींची चिठ्ठी पुस्तक क्रमांक २१७ मधली, पान ८८ वरची. हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी आहे. पुस्तक मी भवनातून येताना आणलं होतं, ते या पत्रासोबत पाठवते आहे. चिठ्ठी जागेवर आहे.

तरी पान काय आहे ते लिहिते. आडगावच्या एका स्टेशनमास्तरची बायको तापाने पडली आहे. तिला काहीतरी वाचून दाखवा असं ती म्हणते. घरात पुस्तक नाही, मास्तरला वाचनाची आवडही नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो उशाशी स्टूल घेऊन बसतो आणि गाड्यांचं वेळापत्रक वाचतो. कोणती गाडी किती वाजता, कुठे थांबते, कुठे थांबत नाही. बायको डोळे मिटून ऐकते. एका गावाचं नाव आलं की म्हणते, हे परत वाचा. तो परत वाचतो. या ओळीपाशी काकी थांबल्या.

तुम्ही अखिलला तीनदा विचारलंत (ते त्याने मला कळवलं, त्याच्यावर रागावू नये), की तिने मला काही विचारलं होतं का. विचारलं होतं. अनवरीबी आणि लताबाईंना परत पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी, १० डिसेंबरला दुपारी. भुवासा पलीकडच्या खोलीत होत्या. काकी तुम्हाला म्हणाल्या, तुम्ही दोन पानं वाचून दाखवाल का, पुस्तक नको असेल तर दुकानातली साड्यांच्या भावांची यादीसुद्धा चालेल. भुवासांना तेव्हा नवल वाटलं होतं, की यादी कशाला. चिठ्ठीबद्दल वाचलं तेव्हा उलगडलं.

तुम्ही काय उत्तर दिलंत ते भुवासांनी ऐकलं आहे. मला त्यांनी ते सांगितलं नाही. म्हणाल्या, ते त्याच्या तोंडचं आहे, त्यालाच सांगू दे. मीही पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला आठवत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. पान वाचल्यावर आठवेल.

ते लिहून पाठवा. जे शब्द वापरलेत तेच. कारणं नकोत, आजारपणात डोकं कुठे होतं तेही नको. तुम्ही लिहिलंत म्हणजे मी माफ करेन, असं मी कबूल करत नाही. ते वाचून काय वाटेल हे मला आत्ता माहीत नाही. भुवासा म्हणतात, मी तुमच्यावर गेले आहे. ते मला आवडलेलं नाही.

तुमच्या पत्राची मी वाट बघेन, इतपत नातं आहे.

उत्तर शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत माझ्या हाती यावं.

जिनल